सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या गोष्टी ऐकायला जायचं असेल तर

बेळगावपासून खानापूर, निपाणी, चिकोडी, रायबागपर्यंत कुठल्याही मराठी गल्लीत विचारा, कुणाच्या ना कुणाच्या देवघरात देवीची परडी (पूजेची टोपली) असतेच आणि वर्षातनं एकदा सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगराला जाऊन येणं पण होतं. पण होतं काय, पौर्णिमेच्या गर्दीत जायचं, तासनतास लाइनीत थांबायचं, देवीपुढं जेमतेम हात जोडायला वेळ मिळतो, मग भंडारा लावून घ्यायचा, नैवेद्य करून जेवायचं आणि परत गाडीत. वाळूची घागर, सापाची चुंबळ, मुंडकं बदललेल्या दोन बायका, रोग बरा करणारं पाणी, एवढ्या सगळ्या गोष्टी त्या डोंगरावर पसरल्यात आणि आपण त्यातली एकही धड ऐकून येत नाही. नंतर कुणीतरी मोबाईलवर 'रहस्यमय मंदिर' म्हणून व्हिडिओ पाठवतं आणि आपल्याच घरच्या देवीबद्दल आपण परक्या माणसाकडनं काहीतरी भलतंच ऐकत बसतो. मला ह्याचं फार वाईट वाटतं, म्हणून ज्यांना खरंच ऐकायचंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहायलेय.

पहिली गोष्ट, सुरुवात डोंगरावर करू नका, घरात करा. आज्जी असेल तर आज्जीला, नसेल तर मोठ्या काकूला, आत्याला विचारा की आपल्या घरात परडी कुणी आणली, सासरकडनं आली का माहेरकडनं, जोगवा मंगळवारी मागायचा का शुक्रवारी, डोंगराला कुठल्या पुनवेला जायची पद्धत होती, बैलगाडीनं जायचे तेव्हा मुक्काम कुठं पडायचा. 'देवीची गोष्ट सांग' असं एकदम म्हटलं की म्हातारी माणसं लाजतात आणि 'मला काय येतंय' म्हणून उठून जातात. पण परडी हातात घेऊन ही कवडी कशाला, हा कडुलिंबाचा पाला कशाला असं एकेक विचारलं की गोष्ट आपोआप बाहेर पडते. हे सगळं आधी लिहून घ्या कारण डोंगरावर गेल्यावर तुम्हाला पहिला प्रश्न उलटा हाच येणार आहे, तुमच्याकडं कसं करतात म्हणून.

मग मूळ कथा पक्की डोक्यात पाहिजे. आपल्याकडं आणि कानडी लोकांत चालणारी कथा थोडक्यात अशी. रेणुका, म्हणजेच आपली यल्लम्मा, ही जमदग्नी ऋषीची बायको, परशुरामाची आई. ती रोज पहाटे मलप्रभेवर जायची, ओल्या वाळूची न भाजलेली घागर तिथंच घडवायची, सापाला वेटोळं करून त्याची चुंबळ डोक्यावर ठेवायची आणि पाणी घेऊन यायची, हे सगळं तिच्या एकाग्र मनाच्या जोरावर. एक दिवस नदीत जलक्रीडा करणारे गंधर्व तिनं बघितले, मन क्षणभर हललं, आणि घागर काही घडेना, साप निघून गेला. रिकाम्या हातानं आलेली बघून जमदग्नीनं शाप दिला, अंगावर कुष्ठ उठलं, घराबाहेर काढली. रानात भटकताना तिला एकनाथ आणि जोगीनाथ हे दोन सिद्ध भेटले, त्यांनी सांगितल्याप्रमाणं तिनं एका तळ्यात आंघोळ केली, जोगवा मागितला, आणि ती बरी झाली. बरी होऊन घरी आली तर जमदग्नीचा राग तसाच, मुलांना म्हणाला हिचं मुंडकं उडवा. मोठ्या मुलांनी ऐकलं नाही, त्यांना शाप मिळाला. परशुरामानं ऐकलं, आणि बाप खूश होऊन वर माग म्हणाला तेव्हा त्यानं आईच परत मागितली.

ह्याच्या पुढं मातंगीची गोष्ट लागते आणि माझ्या मते अख्ख्या डोंगरावरची सगळ्यात जड गोष्ट हीच आहे. परशुराम परशु घेऊन मागे लागला तेव्हा रेणुका पळत एका मातंग बाईच्या घरात शिरली, त्या बाईनं तिला पाठीशी घातलं, आणि परशु दोघींवर चालला. परत जिवंत करायच्या वेळी मुंडकी बदलली, एकीचं मुंडकं दुसरीच्या धडावर बसलं. कुठलं मुंडकं कुणाच्या धडावर आणि त्यातली यल्लम्मा कोण, मातंगी कोण, हे गावोगावी वेगळं सांगतात, तर तुम्ही हे वेगवेगळ्या माणसांना मुद्दाम विचारा. ब्राह्मण ऋषीच्या घरची बाई आणि गावकुसाबाहेरची बाई एका शरीरात पुजली जाते, आणि डोंगरावर सगळ्या जातीची माणसं एकाच परडीला हात जोडतात, ह्या गोष्टीशिवाय ते समजत नाही. कुणी घाईघाईत हा भाग गाळून गोष्ट सांगत असेल तर थांबवू नका, पण नंतर दुसऱ्या कुणाकडनं तो ऐकूनच घ्या.

आता निघायच्या आधी एक काम करा, महाभारतातल्या वनपर्वात ही कथा आहे ती वाचून काढा, मराठी भाषांतर कुठल्याही बऱ्या लायब्ररीत मिळतं. तिथं रेणुका नदीवर जाते, चित्ररथ राजाला बायकांबरोबर जलक्रीडा करताना बघते, जमदग्नी चिडतो, रुमण्वान, सुषेण, वसु आणि विश्वावसु ही चार मुलं ऐकत नाहीत म्हणून त्यांची बुद्धी जनावरासारखी होते, परशुराम ऐकतो, आणि वरात आई जिवंत व्हावी, तिला हे काही आठवू नये, भाऊ पूर्ववत व्हावेत असं मागतो. बस्स. त्यात वाळूची घागर नाही, साप नाही, कुष्ठ नाही, एकनाथ-जोगीनाथ नाहीत, मातंगी नाही. म्हणजे आपण जे भाग सगळ्यात जास्त प्रेमानं सांगतो ते पोथीतनं आलेले नाहीत, ते ह्या मातीत, गाण्यातनं, देवीला वाहिलेल्या जोगतिणींच्या तोंडून वाढलेत. हे एकदा लक्षात आलं की डोंगरावर कान कुठं द्यायचा ते बरोबर कळतं.

कधी जायचं? मोठ्या जत्रा पौर्णिमेला, मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत. मार्गशीर्षातल्या पुनवेला कानडीत होस्तिल हुण्णिमे म्हणतात, पौषातली बनद हुण्णिमे म्हणजे आपली शाकंभरी, माघातली भारत हुण्णिमे, चैत्रातली दवनद हुण्णिमे. गोष्टी ऐकायला म्हणून जाणार असाल तर पौर्णिमेच्या दिवशी जाऊ नका, कुणालाच बोलायला वेळ नसतो आणि तुमचं तुम्हालाच ऐकू येणार नाही. पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी गेलात तर उत्तम, बैलगाड्या, टेम्पो, ट्रॅक्टर येऊन मुक्काम पडलेले असतात, संध्याकाळी तीन दगडांच्या चुली पेटतात, आणि जेवणं झाली की चौंडकं (एका तारेचं वाद्य) वाजायला लागतं, गाणी खरी तेव्हाच निघतात. मंगळवार-शुक्रवार पण गर्दीचेच. नुसती ठिकाणं शांतपणे बघायची असतील तर बुधवार-गुरुवारची सकाळ धरा.

बेळगावहून बैलहोंगलवरनं गाडीनं दोन-अडीच तास धरा, धारवाडहून जवळ पडतं, साधारण ४० किलोमीटर, रेल्वेनं येणाऱ्यांनी धारवाडलाच उतरावं. बायकांना एक सांगते, कर्नाटकाच्या शक्ती योजनेत जून २०२३ पासून साध्या सरकारी बसला तिकीट लागत नाही पण ते कर्नाटकात राहणाऱ्यांनाच, तेव्हा इथला पत्ता असलेलं आधार किंवा दुसरं ओळखपत्र बरोबर ठेवा, कोल्हापूर-सांगलीकडनं आलेल्या पाहुण्यांना पूर्ण तिकीट काढावं लागतं.

आता डोंगरावरचा क्रम, आणि हा क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बरेच लोक थेट वर देवळाकडं गाडी घालतात. तसं करू नका, गोष्ट ज्या क्रमानं घडते त्या क्रमानं चाला.

पहिल्यांदा पाणी. वेळ असेल तर आधी नविलुतीर्थाला जा, सौंदत्तीपासून जवळच आहे, मलप्रभा तिथं डोंगराच्या फटीतनं बाहेर येते आणि तिथंच धरण बांधलंय, मागं पसरलेल्या पाण्याला रेणुकासागर नाव दिलंय. रेणुका पाणी भरायची ती हीच नदी. ही नदी उगम पावते कुठं, तर आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला, तिथं पण माउलीचं देऊळ आहे, म्हणजे खानापूरच्या माणसानं हे लक्षात घ्यावं की आपल्या जंगलात पडलेला पाऊस यल्लम्माच्या पायाशी जातोय. काठावर उभं राहून ओली वाळू हातात घेऊन बघा, तिची घागर घडवायची म्हणजे काय हे सांगून कळत नाही.

मग डोंगराच्या पायथ्याशी जोगुळभावी. आपली माणसं जोगनभावी, जोगळभावी असं काय काय म्हणतात, सगळं एकच. शापानंतर रेणुकेनं आंघोळ केली आणि बरी झाली ती जागा ही. जवळच सत्यव्वाचं देऊळ आहे आणि जुनी पद्धत अशी की आधी जोगुळभावीत आंघोळ, मग सत्यव्वाचं दर्शन, आणि मगच वर यल्लम्माकडं. इथं थोडा वेळ बसा. इथं येणाऱ्या बायाबापड्यांना विचारलं तर कुणाच्या अंगावरचं काय बरं झालं ते सांगतील, ते मनापासून ऐका, मध्येच वाद घालू नका. पण तुमच्या घरात कुणाच्या कातडीवर बधिर डाग असेल तर नुसत्या पाण्यावर सोडू नका. कुष्ठरोग हा जंतूनं होणारा आजार आहे, एमडीटीच्या (दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या) गोळ्यांनी सहा महिने ते वर्षभरात पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या फुकट मिळतात. ज्या देवीला ह्याच रोगापायी घराबाहेर काढलं तिच्या भक्तांनी तरी कुणा रोग्याला घराबाहेर काढू नये, असं मला फार वाटतं.

इथनं पुढं वर चढायचं. चालत चढलात तर रस्त्यात 'उदं गं आई उदं' आणि कानडीत 'उधो उधो' एकदमच ऐकू येत राहतं, दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या आरोळीला आरोळी देतात. वर देवळाभोवती एण्णेहोंड म्हणून कुंड आहे, कुंकुमकुंड आहे, ह्यांची पण एकेक गोष्ट आहे आणि ती तिथंच बसलेल्या माणसांकडनं ऐकण्यात मजा आहे म्हणून मी इथं सांगत नाही. परशुराम, मल्लिकार्जुन, सिद्धेश्वर, एकनाथ अशी ठाणी आजूबाजूला आहेत, मातंगीचं ठाणं पण विचारून शोधा, ते चुकवू नका. आपल्या मराठी माणसांचा एक गोंधळ इथं नेहमी होतो, एकनाथ म्हटलं की पैठणचे संत एकनाथ डोळ्यापुढं येतात. हे ते नव्हेत, हा रेणुकेला रानात भेटलेला सिद्ध, कानडी माणसं एकय्या-जोगय्या म्हणतात. ह्या जोडीवरनंच जोगवा, जोगती, जोगतीण ही सगळी परंपरा लावून सांगतात, तेव्हा ते ठाणं छोटं दिसलं तरी गोष्टीत त्याची जागा मोठी आहे. मोठं देऊळ सगळ्यात शेवटी करा.

देवळात गेल्यावर वर बघा, खांब बघा. आत्ताचं देऊळ १५१४ साली रायबागच्या बोम्मप्पा नायकानं बांधलं असं सगळीकडं सांगितलं जातं, पण कोरीव कामाची धाटणी चालुक्य-राष्ट्रकूट वळणाची आणि जैन कामासारखी आहे असं जाणकार म्हणतात, म्हणजे ह्या जागेचं जुनेपण त्या एका सालात मावत नाही. सौंदत्ती हे लहान गाव नव्हतं कधी. जुनं नाव सुगंधवर्ती, रट्ट राजांची राजधानी, नंतर त्यांनी ती वेणुग्रामला म्हणजे आपल्या बेळगावला हलवली. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आपण लहानपणापासनं बघतो ती १२०४ साली ह्याच रट्टांच्या काळात बांधलेली, राजा चौथा कार्तवीर्य, आणि बांधणारा त्याचा मंत्री बिचिराज. आता हे नाव परत वाचा. कार्तवीर्य! जमदग्नीची कामधेनू पळवणारा, ज्याच्यापायी जमदग्नीचा जीव गेला आणि रेणुका विधवा झाली, त्या राजाचं नाव पण कार्तवीर्य. आणि ह्या डोंगराच्या सावलीत राज्य करणाऱ्या रट्ट घराण्यात कार्तवीर्य नावाचे चार राजे झाले. मला ह्या डोंगराचं सगळ्यात मोठं कोडं हे वाटतं, व्हिडिओवाल्यांनी सांगितलेल्या कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं. ह्याचा अर्थ असाच म्हणून मी सांगणार नाही, राजे लोक पुराणातली पराक्रमी नावं घ्यायचेच. पण जिथं राजा कार्तवीर्य म्हणवून घेतो तिथंच लोक कार्तवीर्यानं विधवा केलेल्या बाईची पूजा करतात, हे डोक्यात ठेवून बाजूच्या परसगड किल्ल्याकडं बघा, सौंदत्ती तालुक्याला आधी परसगड तालुकाच म्हणायचे.

आता विचारायचं कुणाला आणि कसं. पुजाऱ्यांकडं एक ठरलेली कथा असते, ती नीट असते पण घाईत मिळते. खरी कथा जोगतिणींकडं, जोगप्पांकडं आणि चौंडकं वाजवणाऱ्या मंडळींकडं आहे. जोगप्पा म्हणजे पुरुषाच्या देहात जन्मून देवीच्या नावानं लुगडं नेसलेली माणसं, त्यांच्याशी बोलताना अक्का म्हणा, अव्वा म्हणा, आदरानं बोला, टक लावून बघू नका आणि अंगाबद्दल काही विचारू नका. कर्नाटकात मंजम्मा जोगती ह्यांना २०२१ चा पद्मश्री मिळालाय आणि त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष होत्या, तेव्हा ह्या कलेची किंमत काय आहे हे आपण ओळखलं पाहिजे. गाणं ऐकलं तर त्यांना त्यांचं मानधन द्या, नारळ-सुपारीबरोबर पैसे ठेवा, घासाघीस नको.

कानडी येत नसेल तरी अडत नाही, बरीच माणसं दोन्ही बोलतात, पण 'अज्जी, यल्लम्मन कथी हेळ्री' एवढं म्हणायला शिका, म्हणजे आज्जी यल्लम्माची गोष्ट सांगा. एवढ्या एका वाक्यानं समोरच्याचा चेहरा बदलतो. मग 'यावूररी निमदु' म्हणून गाव विचारा, कारण कुठल्या गावाकडची गोष्ट हे कळल्याशिवाय नंतर दोन गोष्टी शेजारी ठेवता येत नाहीत. भाषेवरनं बाहेर काय चालायचं ते चालू दे, डोंगरावर कुणी भाषा विचारून परडी भरत नाही.

रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा, आणि कुणी नको म्हटलं तर मोबाईल खिशात. अंगाला कडुलिंबाचा पाला नेसलेल्या बायकांचे, आंघोळ करणाऱ्यांचे फोटो-व्हिडिओ अजिबात काढायचे नाहीत, हे मी हात जोडून सांगते. 'खरी गोष्ट काय' असं विचारू नका, त्यानं समोरचा माणूस गप्प होतो. त्यापेक्षा 'तुमच्यात कसं सांगतात' विचारा. आणि एक गोष्ट सांगून झाली की लगेच दुसरी मागू नका, थोडं थांबा, बहुतेक वेळा चांगला तुकडा त्या गप्प बसण्यानंतरच येतो. नैवेद्याला हात लावा, भाकरी थापायला बसा, पुरणपोळी, कडबू, मेथीची भाजी, वांगं, आंबील असं सगळं चुलीवर चाललेलं असतं, परडी भरताना पाच घरच्या परड्या एकत्र मांडतात, तिथं बसलेल्या बायका ज्या गोष्टी सांगतात त्या कुठल्याच पुस्तकात नाहीत.

घरी आल्यावर ऐकलेलं गाळून बघायचं, त्यालाही पद्धत आहे. प्रत्येक गोष्टीला मी स्वतः हे विचारते, ही पोथीतली आहे का गाण्यातली, ही डोंगरावरच्या कुठल्या जागेला बांधलेली आहे, आणि हिच्यावरनं कुठली रीत चालते. वाळूच्या घागरीची गोष्ट नदीला बांधलेली आहे, कुष्ठाची जोगुळभावीला, मातंगीची तिच्या ठाण्याला. जी गोष्ट कुठल्याच दगडाला, पाण्याला, रीतीला धरून नाही आणि नुसती 'शास्त्रज्ञ पण चक्रावले' म्हणून फिरते ती बाजूला ठेवा. कुठला शास्त्रज्ञ, कुठलं साल, कुठं छापलं, हे विचारल्यावर उत्तर येत नसेल तर पुढं पाठवू नका. देवीला असल्या आधाराची गरज नाही.

आणि सगळ्यात शेवटी विचारायचं, ह्या गोष्टीनं कुणावर जबरदस्ती होतेय का. इथं मी स्पष्ट बोलणार आहे. देवीच्या कोपाची गोष्ट सांगून ह्या डोंगराच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या गरिबाघरच्या मुली देवीला सोडल्या गेल्या, म्हणजे देवदासी केल्या गेल्या, आणि जास्त करून दलित घरच्या. आपल्याच निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यातल्या. मुंबई इलाख्यात १९३४ साली ह्याविरुद्ध कायदा झाला होता, पुढं कर्नाटकानं १९८२ साली देवदासी समर्पणाला बंदी घालणारा कायदा केला, मुलीला सोडणं हा गुन्हा आहे आणि सोडायला लावणारे आईबाप, नातेवाईक, पुजारी सगळेच त्यात येतात. म्हणून गोष्ट ऐकताना कुणी 'पोरीच्या केसात जट आलीय, देवीनं बोलावलंय' असं म्हणालं तर ती दंतकथा म्हणून वहीत उतरवून गप्प बसायचं नाही. केस विंचरले नाहीत, तेल-भंडारा-धूळ बसली की जट होते, कात्रीनं ती सुटते, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांच्या जटा सोडवल्यात आणि त्या बायका सुखानं नांदतायत. लहान मुलीचा विषय असेल तर १०९८ ला फोन करा, फुकट लागतो. त्याच वेळी जी म्हातारी जोगतीण आज परडी घेऊन बसलीय तिला नावं ठेवू नका, तिला कुणी विचारून सोडलं नव्हतं. तिच्या गळ्यातली गाणी ऐका, तिच्या पेन्शनचे कागद अडलेत का ते विचारा, जमलं तर तालुक्याला तिच्याबरोबर जाऊन या.

सौंदत्तीची गोष्ट नीट कळायची असेल तर दुसऱ्या ठिकाणची रेणुका पण शेजारी ठेवून बघा. नांदेड जिल्ह्यात माहूरला रेणुकेचं मोठं पीठ आहे, तिथं सांगतात की जमदग्नी गेल्यावर परशुरामानं वडिलांचा देह आणि आईला कावडीत घालून आणलं, दत्तात्रेयाच्या सांगण्यावरून तिथं अंत्यविधी केला, रेणुका सती गेली, नंतर परशुरामाच्या आकांतानं ती जमिनीतनं वर येऊ लागली पण त्यानं घाईनं बघितलं म्हणून फक्त मुखच वर आलं, तेवढंच आज पुजतात. शिमोगा जिल्ह्यात चंद्रगुत्तीला रेणुकांबा गुहेत आहे, तिथं ती परशुरामापासून लपली असं सांगतात. एकाच बाईचे तीन शेवट झाले. माहूरला ती नवऱ्यामागं जाते, चंद्रगुत्तीला लपते, आणि आमच्या सौंदत्तीला ती नवरा गेल्यावर पण राहते, मार्गशीर्षातल्या पुनवेला तिचं कंकण-मंगळसूत्र उतरतं, बाया बांगड्या फोडतात, आपल्याकडं तिला रांडाव पुनवच म्हणतात. माहूरला मराठीत जास्त लिहिलं गेलंय म्हणून बऱ्याच मराठी घरांत दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्यात, तर तुमच्या आज्जीनं सांगितलेली कुठली हे तपासून बघा.

लिहून ठेवताना गोष्ट जशी सांगितली त्याच भाषेत ठेवा, कानडी शब्द आले तर देवनागरीत तसेच उतरवा, पुस्तकी मराठी करू नका, त्यानं अर्धा जीव जातो. वर तारीख, तिथी, कुठं बसून ऐकली, सांगणारीचं गाव, गाण्यात ऐकली का बोलण्यात, एवढं पुरे. सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय कुठं टाकू नका. दोन माणसांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही ठेवा, जोडून एक करू नका. रात्री मुक्कामालाच लिहून टाका, दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर म्हणाल तर निम्मं उडालेलं असतं.

आणि एका फेरीत सगळं मिळत नाही, म्हणून मार्गशीर्षात जाऊन आलात तर त्याच वर्षी माघात पण जा. माघ पौर्णिमेला आपल्या घरांत अहेव पुनव म्हणतात, देवीला परत चुडा भरल्याचं सांगतात, आणि तेव्हा गाणी वेगळी असतात, चौंडक्याची लय पण वेगळी लागते. मार्गशीर्षात ज्या बाईकडनं ऐकलं तीच भेटली तर तिलाच पुढचं विचारा. ऊन तोपर्यंत तापायला लागलेलं असतं, तर पहाटेच जोगुळभावीला पोचा, पाण्याच्या बाटल्या जास्त घ्या, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जात असाल तर मुक्कामाची सोय आधीच बघून ठेवा, पौर्णिमेच्या आदल्या रात्री ऐनवेळी खोली मिळत नाही.